हूटगळ्ळीच्या साइटवरची पितळी बटणं

ते मशीन ठेकेदाराचं होतं, माझं नव्हतं. म्हैसुराबाहेर हूटगळ्ळीत नवे रस्ते झाले की डांबराखाली पाण्याच्या व्हॉल्व्हची झाकणं गाडली जातात, आणि पाणी बंद करायची वेळ आली की झाकण नेमकं कुठंय ते कुणालाच आठवत नाही. मग आम्हाला बोलावतात. कानाला हेडफोन लावायचा, दांड्याच्या टोकाची गोल थाळी जमिनीवरून सरकवत चालायचं, आणि खालचं लोखंड बोललं की खडूनं फुली मारायची. या कामाला शाळा लागत नाही. नववीत सोडलेली माझी शाळा तिकडं सांगोल्याकडं राहिली, आणि मी म्हैसुरात येऊन जमिनीचा आवाज ऐकायला शिकलो.

मी स्वभावानंच घाबरट. कानडी मोडकंतोडकं, त्यात हातात असलं यंत्र. कुणी विचारलं, काय शोधतोस, कुणाच्या परवानगीनं शोधतोस, तर काय बोलायचं ते मनात रोज घोकून घराबाहेर पडायचो. ओळखपत्र खिशात आहे ना, हे बसमध्ये बसल्यावर पुन्हा एकदा चाचपायचो.

एकदा चराच्या मातीत मला एक जड गोळी सापडली. बोराएवढी, पांढरट साय धरलेली. मी ती टाकूनच देणार होतो. पण ज्या घरासमोर काम चाललं होतं तिथले गृहस्थ बाहेर आले. हेब्बाळच्या मोठ्या कंपनीत नोकरी, मूळचे पुण्याकडचे. मी आईशी फोनवर बोलत होतो ते त्यांनी ऐकलं होतं. "मराठी का?" म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा बाहेर आला. त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. मी त्यांना सर म्हणायला लागलो.

सरांना जुन्या लढायांचा नाद. गोळी बघून म्हणाले, ही शिशाची आहे, बंदुकीची. साच्यात ओतल्याची बारीक शिवण तिच्यावर अजून दिसते. "पूर्ण गोल आहे, म्हणजे कुणाच्या तरी हातातून पडली असेल. उडवलेली असती तर कुठंतरी आदळून चपटी झाली असती." पुढं कधी चपटी गोळी सापडली की मी ती तळहातावर ठेवून जरा थांबायचो. ती कशावर आदळली असेल ते मनात यायचं.

असं मी सरांकडून शिकत गेलो. कुठलीही वस्तू घासायची नाही. जिथली ती तिथल्याच पाकिटात ठेवायची आणि पाकिटावर खड्ड्याची खूण करायची. जिवंत काडतुसासारखं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं. आणि जुनं काही निघालं तर सरकारी कचेरीला कळवायचं, घरी ठेवून घ्यायचं नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात भीतीची वाटायची, पण कळवायचं झालं की सर बरोबर यायचे.

राहायला मी लष्कर मोहल्ल्यात होतो. खाली शिंप्याचं दुकान, त्यावर घर, त्यावर गच्चीतली माझी खोली. दुकान अण्णांचं. अण्णा ऐंशीच्या पुढचे, विठ्ठलाचे माळकरी, त्यांच्या कितीतरी पिढ्या म्हैसुरातच गेलेल्या. घरात मराठी बोलत, पण कानडी मिसळलेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला निम्मं कळलं नव्हतं. खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "जेवायला कुठं जाणार मगा?" मगा म्हणजे लेका. त्यानंतर रात्रीचं ताट खालीच असायचं. त्यांचा मुलगा कामानिमित्त बाहेरगावी जास्त, म्हणून घरात अण्णा आणि त्यांची सून. तिला मी वैनी म्हणायचो.

अण्णांच्या आजोबांची गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. ते संस्थानच्या घोडदळात स्वार होते, असं सांगत. पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर समुद्रापलीकडं वाळवंटात गेले, परत आले, आणि मग हातात भाला धरणार नाही म्हणाले. हूटगळ्ळीकडं त्यांना मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यात त्यांनी लढाईचं सगळं सामान पुरलं, गळ्यात माळ घातली आणि सुई धरली. त्या आजोबांवरून त्यांच्या समाजात त्या घराला मान होता. कुणाचं लग्न ठरवताना "स्वारांच्या घरातली मुलगी" म्हणायचे.

आता त्या तुकड्याच्या साइटी पडल्या होत्या. प्लॉटला तिकडं साइट म्हणतात. एक साइट अण्णांच्या वाट्याची, आणि तिच्यावर त्यांचा मुलगा घर बांधणार होता. दसरा झाला की जेसीबी येणार होता.

एका संध्याकाळी अण्णा शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "जेसीबीनं एकदा उलटंपालटं केलं की संपलं, अल्वा? त्याच्या आत तुझं ते यंत्र फिरवशील काय स्वल्प?"

"काय शोधायचं अण्णा?"

"भाला. लाकूड गेलं असंल. लोखंडी टोक तरी राहिलं असंल की. या खंडेनवमीला पूजेत ठेवतो. सगळे येतात आमच्याकडं. आणि मत्ते, माझ्यानंतर कोण शोधणार?"

मला नाही म्हणता आलं नसतं. ज्या माणसानं माझं कुळ न विचारता ताट वाढलं, त्यानं कधी नव्हे ते काही मागितलं होतं. पण भाल्याचं टोक मिळालं नाही तर, ही काळजी मला त्याच क्षणी लागली. ठेकेदाराला विचारून रविवारी मशीन घेतलं. सरांनाही फोन केला. ते म्हणाले, त्यांचीच जमीन, त्यांच्याच घरचं सामान, तरी काही निघालं तर मी अर्ज लिहून देतो.

साइटवर अण्णा कडेला खुर्ची टाकून छत्रीखाली बसले. मी ओळीनं चालत होतो. आधी खिळे, तारा, बाटल्यांची बुचं, बैलाच्या गळ्यातली घंटा. लोखंडाचा आवाज जाड, घोगरा येतो. पितळेचा बारीक आणि स्वच्छ. जुन्या आंब्याच्या खोडापाशी तो बारीक आवाज आला, आणि थाळी हलवली तरी थांबेना. मी गुडघ्यावर बसलो.

मातीत कुजलेल्या पेटीच्या लोखंडी पट्ट्या होत्या. त्यांच्या आत हिरवी पडलेली पितळी बटणं. एक चिखल पुसून बघितलं तर त्यावर संस्थानचा दोन तोंडांचा पक्षी. मी ओरडलोच. अण्णा खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

त्याच खड्ड्यातून पुढं एक मोठी कात्री निघाली, गंजून मिटलेली. बोटावर चढवायचं पितळी अंगुस्तान निघालं. जाडजूड दाभणं निघाली, एकमेकांना चिकटलेली. आणि थोड्या अंतरावर, दुसऱ्या खड्ड्यात, वीतभर लांबीचं टोकदार लोखंड. मी ते अण्णांना नेऊन दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि कपाळाला लावलं.

"हेच," म्हणाले. "अष्टे. आणखी काय नको मला."

कात्रीकडं त्यांनी बघितलं न बघितलं. "शिंप्याच्या शेतात कात्री निघाली तर काय नवल रे."

संध्याकाळी घरी आल्यावर मी सगळी पाकिटं दुकानातल्या कापायच्या टेबलावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर पाकिटं रिकामी. अण्णा आणि वैनी टेबलाच्या दोन बाजूंना बसून बटणं वेगळी करत होते. मोठी एका डब्यात, मधली दुसऱ्या, बाहीची बारीक तिसऱ्या. त्या घरात बटण दिसलं की ते असंच डब्यात जायचं. हात आपोआप चालत होते त्यांचे, तोंडानं गप्पा चालू. कात्री, दाभणं, अंगुस्तान एका ताटात. कुठल्या खड्ड्यातलं काय, त्याची खूण केलेली पाकिटं खाली पडली होती.

"वैनी, अहो…"

"काय झालं? नीट लावून ठेवलं की. तू सुम्ने, उगीच सगळं कालवून आणलं होतंस."

मी रिकामी पाकिटं गोळा केली.

सर येईपर्यंत आठवडा गेला. तोवर ते टोकदार लोखंड लाल कापडात गुंडाळून दुकानामागच्या खोलीतल्या देव्हाऱ्याच्या कडेला गेलं होतं. अण्णा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आत नेऊन दाखवायचे. एक जण म्हणाला, "अण्णा, आता उधारी मागायला तुमच्याकडं यायचं म्हणजे भीतीच की," आणि अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र त्या लोखंडाकडं बघायचं टाळत होतो. त्याची टोकाची बाजू ठीक होती. पण दुसरी बाजू चेपून, पसरून कमळासारखी उमलली होती. कुणीतरी तिच्यावर पुष्कळदा हातोडा घातला होता. भाल्याच्या टोकाला मागं दांडा बसवायला पोकळी लागते. याला ती नव्हती.

सरांनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि माझ्याकडं बघितलं. अण्णा तेव्हा वर जेवत होते.

"तंबूचा खुंटा," सर हळू आवाजात म्हणाले.

"लष्कराचाच असेल ना सर?"

"असू शकतो. नसूही शकतो. बाकीचं कुठल्या खड्ड्यातलं?"

मी पाकिटांची हकिकत सांगितली. सरांनी कपाळाला हात लावला, पण रागावले नाहीत. मग एक मोठं बटण खिडकीशी नेऊन म्हणाले, "हे बघ. फौजेतला माणूस बटण रोज घासतो. वर्षभरात त्याच्यावरचा पक्षी गुळगुळीत होतो. याची पिसं एकेक दिसतात. हे कुणी घातलेलंच नाही."

म्हणजे काय, ते मला कळलं. सरांनाही कळलं होतं. ते म्हणाले, "बटणं, कात्री आणि अंगुस्तान एकाच पेटीतली असतील तर ते फौजेच्या शिंप्याचं सामान. वेगवेगळ्या ठिकाणची असतील तर काहीच सांगता येत नाही. तुला आठवतं?"

"आठवतं थोडं."

"मग जेवढं आठवतं तेवढंच सांग. जास्त नको, कमीही नको."

दारात वैनी उभ्या होत्या. केव्हापासून, कुणास ठाऊक. त्या आत आल्या आणि आम्हा दोघांशी एकदम हळू बोलल्या. "नका हो सांगू. भाल्याचं टोकच आहे म्हणा. काय बिघडतं? नवमीला दादा येणार, त्यांची सगळी माणसं येणार. मामंजी किती वर्षं या दिवसाची वाट बघतायत. एवढं एक म्हणायला काय जातं तुमचं?"

दादा म्हणजे अण्णांचे थोरले चुलतभाऊ. जाताना सर रस्त्यावर मला एवढंच म्हणाले, "ते विचारतील तर तुला विचारतील, मला नाही." अर्ज त्यांनी लिहून दिला, कचेरीतला माणूस येऊन फोटो काढून गेला, तुमच्या घरच्याच वस्तू आहेत, जपून ठेवा म्हणाला. ती भीती गेली. दुसरी राहिली.

पुढचे दिवस मला जेवण गोड लागेना. खोटं बोललो तर ज्यांनी मला घरात घेतलं त्यांना फसवणार. खरं बोललो तर त्यांच्या हातातून त्यांचे आजोबा काढून घेणार. एकदा वाटलं, गावी जातो म्हणून निघून जावं, नवमीनंतर परत यावं.

पण अण्णांनी वेगळंच काढलं. त्यांना त्या बटणांचा एक कोट शिवायचा होता, आजोबांनी घातला असेल तसा, पूजेत भाल्याशेजारी घडी करून ठेवायला. खाकी कापड आणलं, कापलं. मी कामावरून आलो तेव्हा ते डब्यातली बटणं काढून कापडावर मांडत होते. पुढची ओळ लावली. खिशांची लावली. खांद्यांची, बाह्यांची लावली. मग डब्यात बघितलं. डबा तसाच भरलेला. त्यांनी दुसऱ्या कोटाची मांडली, टेबलावर, नुसत्या लाकडावर. मग तिसऱ्या. मग हात थांबले.

वैनी दारात होत्या. शिलाई मशीन बंद होतं.

अण्णांनी एक बटण उलटं करून मागची कडी नखानं साफ केली, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं.

"याच्यातून दोरा गेलेलाच नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला, "मगा, बटणं नि कात्री एका खड्ड्यातली काय?"

वैनींकडं बघायचा धीर झाला नाही.

"हो अण्णा. मला आठवतं तसं, एकाच पेटीत होतं. दाभणं, अंगुस्तानपण."

"आणि ते?" त्यांनी देव्हाऱ्याकडं हात केला.

"ते वेगळ्या खड्ड्यातलं."

"ते काय आहे विचारतोय."

"तंबूचा खुंटा असावा, अण्णा. मागं ठोकल्याच्या खुणा आहेत. सरही तसंच म्हणाले."

"अय्यो," वैनी म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या.

मी उभाच होतो. मला वाटलं आता म्हणतील, तुझी ट्रंक उचल. ते उठले, ताटातली कात्री घेतली, तिच्या मुठीत बोटं घालून बघितली. गंजानं ती उघडत नव्हती. उजव्या हाताची बोटं बसेनात, डाव्या हाताची बरोबर बसली.

"डावरा होता," म्हणाले. "ही डाव्या हाताची मूठ आहे. हे घरात कुणी सांगितलं नव्हतं." मग दाभणांच्या गठ्ठ्याला हात लावला. "आणि ही पोती शिवायची. आमच्या दुकानात दाभण कधीच घेतलं नाही, ठाऊक आहे? गोणपाट, ताडपत्री, काय आलं तरी परत पाठवायचं. माझे वडील म्हणायचे, त्यांच्या वडिलांनी घालून दिलंय. का, ते त्यांनापण ठाऊक नव्हतं." ते खुर्चीत बसले. "लढाईत मेलेल्यांना घोंगडीत घालून शिवत असतील काय रे?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. तेही म्हणाले, तसं करायचे असं वाचलंय, पण या दाभणांनी काय शिवलं ते कोण सांगणार. मी अण्णांना हे जसंच्या तसं सांगितलं.

खंडेनवमीला दुकान धुतलं, मशीनना झेंडूच्या माळा घातल्या. बाहेर रस्त्यावर कोहळे फुटत होते, रिक्षांना केळीचे खांब बांधलेले. दादा आले, त्यांची मुलं, सुना, नातवंडं आली. मी जिन्यात उभा राहिलो, बोलावलं तर उतरू म्हणून. पाटावर लाल कापड होतं, त्यावर गंजलेली कात्री, दाभणं, अंगुस्तान, आणि ताटलीत बटणं. कोट शिवलाच नव्हता. खुंटाही होता, पण कडेला.

दादा वाकून बघत म्हणाले, "भाला कुठाय?"

"भाला नाही, दादा," अण्णा म्हणाले. "ते स्वार नव्हते. फौजेबरोबर शिंपी म्हणून गेले होते."

"कोण सांगतो?"

"हे सांगतंय की." अण्णांनी पाटाकडं बोट केलं.

दादांचा चेहरा लाल झाला. "माझ्या नातवाच्या लग्नाच्या पत्रिका छापायला गेल्यात. स्वारांचं घर म्हणून लिहिलंय त्यात. आणि तू त्या गच्चीवरच्या पोराच्या मशीनवर विश्वास ठेवून आजोबांचं नाव पुसतोस?"

मी एक पायरी वर सरकलो. सगळे माझ्याकडं बघत होते.

"मशीननं नुसता आवाज केला," अण्णा म्हणाले. "बटणं मी ओळखली. साठ वर्षं बटणं लावतोय, मला कळणार नाही? ते गेले होते दादा. समुद्रापलीकडं गेले होते, परत आले होते. हातात काय होतं एवढंच बदललं."

"एवढंच?" दादा म्हणाले. "एवढंच होय?" त्यांनी चपला घातल्या. सुना एकमेकींकडं बघत उठल्या. वैनी पुरणाचं ताट हातात घेऊन "दादा, जेवून तरी," म्हणत दारापर्यंत गेल्या. दादांच्या धाकट्या सुनेनं तेवढं पाटासमोर डोकं टेकवलं, मग तीही गेली.

दुकानात एकदम मोकळी जागा झाली. अण्णांनी आरती सुरू केली. आवाज चढेना. वैनींनी साथ दिली, मग मीही खाली उतरून म्हटली. मी मान खाली घालून होतो. आरती झाल्यावर म्हणालो, "अण्णा, माझ्यामुळं…"

"बस जेवायला," ते म्हणाले.

तिघं जमिनीवर बसलो. दादांच्या माणसांसाठी मांडलेली पानं तशीच होती. वैनींनी ती उचलली नाहीत. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि पाटाकडं बघत राहिले.

"शिंपी होते, ते ठीक आहे," म्हणाले. "पण चांगली कात्री कोण पुरतो रे? परत येऊन शिवायचंच होतं तर?"

"माहीत नाही अण्णा."

"मलापण नाही." त्यांनी भातावर तूप ओढलं, वाटी माझ्याकडं सरकवली. "दादाला ठाऊक असंल असं वाटलं होतं. तो मोठा. त्यानं आजोबांना बघितलंय. विचारायचं होतं त्याला, जेवताना."

वैनी म्हणाल्या, "उद्या डबा देऊन येते मी त्यांच्याकडं."

"मी येतो," अण्णा म्हणाले. "चालत जाऊ. त्याला राग आहे, पण कात्रीचं विचारतो."